चुकांची पंगत

कारखान्यात मी नेमकं काय काम करत होते, हे माझ्या माहेरच्या माणसांना शेवटपर्यंत कळलं नाही. साखर कारखान्यात नोकरी म्हटलं की त्यांना दोनच गोष्टी सुचत: ऊस मोजणं आणि साखर वाटणं. मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे म्हटल्यावर थोरल्या आत्याने लग्नाच्या मांडवात सगळ्यांना सांगून टाकलं, की आमची सुनंदा कारखान्यातली घड्याळं दुरुस्त करते. त्यानंतर हिंगोलीतल्या आमच्या गल्लीतून भिंतीवरची बंद घड्याळं, शिट्टी न होणारे कुकर आणि एक शिलाई मशीन एवढं माझ्या ओसरीवर येऊन गेलं. घड्याळं मला जमली नाहीत. कुकर जमले, कारण बॉयलर म्हणजे शेवटी मोठा कुकरच असतो.

म्हणून या अंकाच्या संपादकांनी लिहायचा आग्रह केला तेव्हा ठरवलं, की नोकरी कधी लागली आणि बढती कधी मिळाली हे सगळं बाजूला ठेवायचं आणि एका पंगतीबद्दल लिहायचं. पण आधी बॉयलर समजून घ्या, नाहीतर पंगत कळायची नाही.

उसाचा रस काढल्यावर जो भुसा उरतो तो बॉयलरमध्ये जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर अख्खा कारखाना चालवायचा. बॉयलरच्या डोक्यावर एक आडवा लोखंडी ड्रम असतो. त्यातलं पाणी कमी झालं तर नळ्या जळतात. जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं आणि पाती मोडतात. म्हणजे पाणी सतत मध्यावर पाहिजे. पूर्वी एक माणूस काचेच्या नळीकडे टक लावून बसायचा आणि हाताने झडप फिरवायचा. आमच्या काळात हे काम लोखंडी कपाटाएवढ्या एका कंट्रोल पॅनेलकडे आलं. त्या पॅनेलला सांभाळणं ही माझी नोकरी.

यात एक गंमत आहे. वाफ एकदम जास्त ओढली गेली की ड्रममधलं पाणी वाढल्यासारखं दिसतं. खरं तर ते कमी होत असतं. दूध उतू येतं तेव्हा पातेल्यात दूध वाढलेलं नसतं, नुसतं फुगलेलं असतं, तसंच हे. अशा वेळी नवखा माणूस पाण्याची झडप मिटतो आणि फसतो. जाणता माणूस उघडतो. आमचं पॅनेल जाणत्यासारखं वागायचं, कारण त्याच्या पोटात तसा प्रोग्राम भरलेला होता. हा दुधाचा दाखला मी एकदा आमच्या एका संचालकांना दिला, तर ते म्हणाले, मॅडम, मग वरून फुंकर घालायला एक माणूस ठेवा ना.

हेच संचालक एकदा मंत्र्यांच्या भेटीआधी पॅनेलसमोर उभे राहून घाबरले होते. सगळे दिवे लाल कसे, सगळं बंद पडलंय का, असं विचारत होते. आमच्याकडे लाल म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. मी परोपरीने सांगितलं, पण मंत्र्यांना लाल दिवे दाखवायचे हे त्यांना पटेना. शेवटी दिव्यांच्या काचा बदलून सगळं हिरवं केलं. मंत्री खूश होऊन गेले. आमचे ऑपरेटर मात्र दिवसभर गोंधळून पंप चालू आहे की बंद हे कान लावून ऐकत होते.

तर असं हे पॅनेल. एकाच कंपनीने आमच्या भागात तिघांना ते विकलं होतं. एक आमच्या कारखान्याला, एक कळमनुरीच्या पलीकडच्या कारखान्याला आणि एक नांदेड रस्त्यावरच्या सोयाबीन तेलाच्या प्लांटला. विकलं आणि काही वर्षांत कंपनीच बंद पडली. सुटे भाग मिळेनात, पत्रांना उत्तर येईना. पुण्याच्या नव्या कंपन्यांची पोरं येत, पॅनेल उघडून बघत आणि हे तर म्युझियममध्ये ठेवा असं हसून म्हणत. मला राग यायचा. रात्रंदिवस भुशाची धूळ खाऊन ते पॅनेल चुकत नव्हतं आणि ह्यांना हसू येत होतं.

कळमनुरीपलीकडच्या कारखान्यात प्रल्हाद राठोड इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. बंजारा तांड्यावरचे, अंगाने दांडगे, हसले की टेबल हलायचं. त्यांच्या घराण्यातल्या जुन्या माणसांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहिलेलं आणि हे बॉयलरची वाफ राखत बसलेले, यावर ते स्वतःच विनोद करत. तेलाच्या प्लांटवर तय्यबभाई होते, आमच्यापेक्षा वयाने मोठे, सडपातळ, चालू पॅनेलमध्ये हात घालताना डावा हात कायम खिशात ठेवणारे. दोन्ही हात आत घातले तर शॉक छातीतून जातो, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. तेव्हापासून मी शर्टासारखे खिसे असलेले कुडते शिवून घेऊ लागले.

पंचाईत अशी, की राठोडांचा कारखाना आणि आमचा कारखाना यांचं हाडवैर. शिवेवरच्या गावांतला ऊस कोणी न्यायचा यावरून दोन्ही चेअरमन एकमेकांचं तोंड बघत नसत. तिकडच्यांना नटबोल्टसुद्धा द्यायचा नाही, असा आमच्याकडे तोंडी हुकूम होता. त्यांच्याकडेही तसाच असणार. म्हणून आम्ही तिघं कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी भेटायचो. बाजारात पिशवी घेऊन हिंडणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. एका खानावळीच्या मागच्या खोलीत आमची पंगत बसायची, वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर.

पंगतीचा नियम तय्यबभाईंचा. आपण काय भारी केलं ते सांगायचं नाही, काय चुकलं तेवढंच सांगायचं. त्यांचं म्हणणं असं, की यश ज्याच्या त्याच्या पॅनेलपुरतं असतं, चूक तिघांच्या कामाची असते. पहिल्या वर्षी त्यांनीच सुरुवात केली. एक मीटर चुकीचं दाखवत होतं म्हणून त्यांनी कार्ड बदललं, वायर बदलली, शेवटी मीटरच बदललं. मग कळलं, मीटरकडे येणाऱ्या नळीच्या हवा सुटायच्या बारीक भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. आम्ही पोट धरून हसलो आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कारखान्यात जाऊन प्रत्येक भोकात तार घातली. माझ्याकडे अशी चार घरं निघाली, राठोडांकडे त्याहून जास्त. दरवर्षी असंच. एकाचं हसं व्हायचं आणि तिघांचे हंगाम सुरळीत जायचे. जुनं यंत्र कुठल्या पुस्तकाबरहुकूम म्हातारं होत नाही. ते कुठे कुठे थकलंय हे असंच एकमेकांना विचारून कळतं.

मग ते वर्ष आलं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आसपासची गोष्ट. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला होता. एका सकाळी तय्यबभाईंचा फोन आला. त्यांचा एक ड्रायव्हर राठोडांच्या कारखान्यातून भुसा आणायला गेला होता आणि तिथे ऐकून आला होता, की बॉयलरचं पॅनेल मेलंय. राठोडसाहेबांना त्यांच्या एम.डीं.नी सगळ्यांसमोर सांगितलंय, मोळीपूजनाच्या आत चाललं नाही तर पॅनेल भंगारात आणि तुम्ही घरी. पुण्याच्या एका कंपनीशी सगळा विभाग ठेक्याने द्यायचं बोलणंही चालू होतं. मोळीपूजन म्हणजे उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायचा दिवस. तो अगदी जवळ आला होता. मी राठोडांना फोन लावला तर साहेब आहेत, पण फोनवर येत नाहीत, असा निरोप मिळाला.

तसं तय्यबभाईंना परत फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, बुलाया नहीं तो क्या हुआ. अपन जाते."

त्यांच्या प्लांटच्या जीपमधून आम्ही गेलो. राठोड पॅनेलच्या मागे स्टुलावर बसले होते. आम्हाला बघून उठलेसुद्धा नाहीत.

"तुमी काहून आल्या मॅडम? तुमच्या साहेबाला कळलं तर तुमची बी नोकरी जाईन," ते म्हणाले.

काय झालं ते हळूहळू त्यांच्याकडून काढून घेतलं. पॅनेलचा प्रोग्राम ज्या मेमरीत असतो, ती वीज बंद असताना एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी बदलायची तर पॅनेल चालू ठेवून बदलायची हे आम्हा तिघांना पाठ. पण त्या दिवशी इलेक्ट्रिकलवाल्यांनी कामासाठी मेन स्विच बंद करून कुलूप घातलं होतं. राठोडांनी विचार केला, पुस्तकात लिहिलंय की बॅटरी काढल्यावरही मेमरी थोडा वेळ टिकते, मी आधीही असंच केलंय, आणि बदलायला लागतो किती वेळ. त्यांनी जुनी काढून नवी घातली. पुस्तकातलं ते खरं होतं, पॅनेल नवं असताना. मेमरीला तेवढा वेळ तगवणारा कार्डावरचा कपॅसिटर इतक्या वर्षांत आतून सुकून गेला होता. वीज आल्यावर पॅनेल नव्या पाटीसारखं कोरं निघालं. नवख्याने ही चूक केलीच नसती, त्याने भीतीने बॅटरीला हात लावायच्या आधी चारजणांना विचारलं असतं. ही चूक करायला पॅनेलची पुरती ओळख असावी लागते.

कपॅसिटर त्यांनी बदलला होता. प्रोग्राम ज्या कॅसेटवर उतरवून ठेवला होता तीही काढली. कॅसेट म्हणजे गाणी ऐकायची असते तीच. पण ती आमच्या पॅनेलइतकीच म्हातारी, टेपवर बुरशीचे डाग. एक अक्षर वाचलं जाईना.

उपाय एकच होता आणि तो तिघांच्याही एकदमच डोक्यात आला. माझ्या पॅनेलमधला प्रोग्राम काढायचा आणि इथे भरायचा. तय्यबभाईंच्या बॉयलरला टर्बाइन नव्हतं, त्यामुळे त्यांचा प्रोग्राम इथे चालला नसता. प्रोग्राम काढण्या-भरण्याचं सुटकेसएवढं यंत्र फक्त तय्यबभाईंच्या प्लांटवर शिल्लक होतं आणि ते त्यांनी येतानाच जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं होतं. राठोड नको म्हणत राहिले. तय्यबभाईंनी त्यांना हाताला धरून जीपमध्ये बसवलं.

आमच्या कारखान्यात राठोडांना आणणं म्हणजे शत्रूला देवघरात नेणं. मी गेटवर माझे मावसभाऊ म्हणून त्यांचं नाव सांगितलं. वॉचमनने एकदा राठोडांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीच न लिहिता साखळी सोडली. हंगामाच्या तोंडावर माझं पॅनेल उघडून त्याला ते यंत्र जोडायचं, याची मला खरोखर भीती वाटत होती. त्या यंत्रावर वाचायचं आणि लिहायचं ही दोन बटणं शेजारी शेजारी होती. चुकून दुसरं दाबलं गेलं असतं तर दोन कारखाने एकाच कोऱ्या पाटीवर बसले असते. तय्यबभाईंनी लिहायच्या बटणावर चिकटपट्टीने काडेपेटी चिकटवली, डावा हात खिशात घातला आणि वाचायचं बटण दाबलं. कॅसेट फिरायला लागली. पॅनेलवरचे दिवे जसेच्या तसे राहिले तेव्हा मी खुर्चीवर बसले.

परत त्यांच्या कारखान्यात येऊन प्रोग्राम भरला. पण अर्धंच काम झालं होतं. प्रोग्राम म्हणजे कृती, आणि कृती सारखी असली तरी पातेल्याप्रमाणे मीठ बदलतं. राठोडांचा ड्रम मोठा होता, झडप आळशी होती. झडपेने किती घाईने हलायचं आणि किती सबुरीने, याचे आकडे त्यांच्या बॉयलरचे वेगळे. ते आकडे मेमरीबरोबर गेले होते आणि राठोडांना आठवत नव्हते. बरोबर चाललेले आकडे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, कारण त्यांना कोणी परत हात लावत नाही.

तेव्हा तय्यबभाई हसायला लागले. मला आधी कळेना.

"राठोड, झडप को थंडी-बुखार आया था वो साल याद है?"

मलाही आठवलं. एका हंगामात राठोडांनी घाईचा आकडा इतका वाढवला होता, की झडप थडथड उडायला लागली आणि त्यांच्या फिटरने झडपेला हीव भरलंय म्हणून सांगितलं होतं. त्या पंगतीत आम्ही जेवण विसरून हसलो होतो. तो आकडा तिघांनाही तोंडपाठ होता. म्हणजे खरा आकडा त्याच्या खाली. मग मी आठवण करून दिली पुढच्या वर्षाची. घाबरून त्यांनी आकडा इतका उतरवला, की झडप हलेचना आणि ड्रम भरून टर्बाइनचा भोंगा वाजला. तोही आकडा पक्का ठाऊक. म्हणजे खरा आकडा त्याच्या वर. असं करत करत राठोडांच्या एकेक फजितीवरून आम्ही त्यांचे सगळे आकडे कोंडीत पकडले. फळ्यावर खडूने फजित्या लिहीत गेलो. राठोड आधी मान खाली घालून होते. तिसऱ्या फजितीला त्यांनी खडू माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, न्हाई मॅडम, ते असं न्हाई झालं, त्याच्याहून वाईट झालं होतं. आणि टेबल हलेल असं हसले.

बॉयलर मोळीपूजनाच्या आदल्या दिवशी पूर्ण तापला. त्यांचे एम.डी. दारात येऊन उभे राहिले. टर्बाइनला एकदम वाफ सोडली. ड्रमची पातळी वर उसळली, दूध उतू यावं तशी. आता झडप मिटली तर सगळं संपलं. आम्ही काट्याकडे बघत होतो. झडप उघडली. सावकाश, ऐटीत, वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसासारखी. पातळी खाली आली, मध्यावर येऊन थांबली आणि थांबलेलीच राहिली. तय्यबभाई एवढंच म्हणाले, चल पडी. राठोड भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले आणि रडले. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. एम.डीं.नी आम्ही दोघं कोण, हे विचारलंच नाही. पण थोड्या वेळाने आमच्यासाठी चहा आणि बिस्किटं आली आणि पुण्याच्या कंपनीचं बोलणं पुन्हा ऐकू आलं नाही.

माझ्या एम.डी. साहेबांना अर्थातच सगळं कळलं. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. आपलं पॅनेल उघडलं होतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

"पुढच्या वेळी मला आधी सांगत जा, म्हणजे मी त्या दिवशी औरंगाबादला जात जाईन," ते म्हणाले.

ती पॅनेलं त्यानंतरही काही हंगाम चालली. नंतर संगणकाचे पडदे आले, रंगीत चित्रं आली, प्रोग्रामला पासवर्ड आले. काम सोपं झालं हे मान्य. पण आता काही अडलं की कंपनीला फोन करायचा आणि वाट बघायची. शेजारच्या कारखान्यात तसंच अडलं असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. मला या एका गोष्टीचं वाईट वाटतं. आमचं पॅनेल काढलं त्या दिवशी मी रजा टाकली होती.

पण त्या हंगामानंतरची पंगत सांगायची राहिली. ती राठोडांनी आपल्या तांड्यावर घेतली. दोन्हीकडच्या एम.डीं.ना कळूनही कोणी काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे आता लपायचं कारण उरलं नव्हतं. तय्यबभाईंनी कळमनुरीहून येताना स्वतः हलाल मटण आणलं, म्हणजे सगळ्यांनाच खाता येईल. राठोडांच्या घरी ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या. लिंबाच्या सावलीत आम्ही बसलो. जेवण वाढायच्या आधी राठोड उभे राहिले. आम्हाला वाटलं, बॅटरीची गोष्ट आता तिखटमीठ लावून ऐकायला मिळणार.

"बॅटरीचं तुमाला ठाऊकच हाय," ते म्हणाले. "ते कोणाकडून बी होतं. माझी चूक दुसरी हाय. तुमी दोघं असताना मी फोन न्हाई केला. इतकी वर्षं ज्या चुका सांगितल्या त्या समद्या दुरुस्त झालेल्या होत्या. दुरुस्त झालेली सांगून हसायला काय लागतं? चालू चूक सांगायची मला लाज वाटली."

कोणीच हसलं नाही. खरं होतं ते. आम्ही स्वतःला मोठे प्रामाणिक समजत होतो, पण पंगतीत आजवर मांडलेली प्रत्येक चूक धुऊनपुसून आणलेली होती. मी म्हटलं, मग आजपासून नियम बदलू. ज्याची चूक अजून चालू आहे, त्याने आधी बोलायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ताटं आली.

मटणाचा रस्सा वाढून झाला. राठोडांनी पहिला घास मोडला. तय्यबभाई ताटाकडे बघत बसले होते. मग त्यांनी डावा हात खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मेरा प्लांट कल दोपहर से बंद है," ते म्हणाले. "कारण मालूम नहीं पडून राहिलं."

राठोडांनी मोडलेला घास ताटात परत ठेवला आणि घरात हाक मारून सांगितलं, रस्सा झाकून ठेवा, आमी जाऊन येतो. त्यांचे हात धुऊन होईपर्यंत मी तय्यबभाईंच्या जीपमध्ये जाऊन बसले होते.